‘लक्ष कुठे होतं तुझं?’

श्रोतेहो, नमस्कार.

नुकतं रांगायला किंवा चालायला लागलेलं मूल पलंगावरून पडलं, की घरात पहिला प्रश्न त्याच्या आईला विचारला जातो, ‘लक्ष कुठे होतं तुझं?’ दवाखान्यात माझ्यासमोर बसूनही विचारला जातो. कधी सासूबाई विचारतात, कधी नवरा. अहो, कुठे असणार? कुकरची शिट्टी झाली होती, दारात दूधवाला उभा होता. बाळ पडायला दोन सेकंद पुरतात, आणि दिवसभर डोळ्याची पापणी न लवू देणं कोणालाच जमत नाही. म्हणून आज मी लक्ष ठेवा असं सांगायला आलेलो नाही. घराकडे जरा नव्याने बघू या.

मुलं पडणार, हे आधी धरूनच चाला. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची पावलं मोजली होती. २०१२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मोकळं खेळणारं मूल तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होतं आणि १७ वेळा पडत होतं. चालणं असंच येतं. सपाट जमिनीवर बसकण मारलेल्या बाळाला आपण ‘मुंगी मेली, मुंगी मेली’ म्हणतो, ते हसतं आणि उठतं. तिथे अडवण्यासारखं काही नाही. फरशीला चापट्या मारायचीही गरज नाही, तिने काय केलंय बिचारीने?

अडवायचं ते उंचावरून पडणं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं. मोठ्या माणसाचं साधारण आठव्या. चालायला लागल्यावरही लहान मुलाचं वजन वरच्या भागातच जास्त, त्यामुळे ते कठड्यावरून वाकलं की पुढे कोसळतं, आणि डोकंच आधी आपटतं.

पलंगाच्या कडेला आपण उशांची तटबंदी करतो. पालथं पडायला शिकलेलं बाळ ती ढकलतं, रांगणारं तिच्यावर चढून आणखी उंचावरून पडतं, आणि अगदी तान्ह्याचं नाक उशीत दबायची भीती वेगळीच. त्यापेक्षा जमिनीवर सतरंजी, तिच्यावर गोधडी. लंगोट बदलायचा तोही तिथेच. जमिनीवरून खाली पडायला जागाच नसते. भरवताना बाळाला स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवायची सवय असेल, तर तीही सोडा.

बारशाला हमखास भेट म्हणून येतो तो बसायचा वॉकर. माझं स्पष्ट मत आहे, तो घरात ठेवू नका. त्यात बसलेलं मूल क्षणात खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातं, उंबरठ्यावर अडकून उलटतं, जिन्यावरून तर वॉकरसकट खाली येतं. त्याने चालणंही लवकर येत नाही. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा बरा, कारण त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. मात्र तो सपाट अंगणात, पायऱ्यांपासून दूर आणि सोबत कोणीतरी असतानाच द्यायचा.

आता खिडकी. शहरांत हल्ली सरकत्या काचांच्या मोठ्या खिडक्या असतात आणि उजेड येतो म्हणून दिवाण नेमका त्यांच्याखाली. मुलाला ती आयती शिडी. आज संध्याकाळी पहिलं काम करा, तो दिवाण हलवा. खुर्ची, मोडा, खेळण्यांची पेटीसुद्धा. डासांची जाळी मुलाचं वजन पेलत नाही. कबुतरांसाठी लावलेल्या जाळीवरही भरवसा ठेवू नका. पक्की लोखंडी जाळीच हवी, गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी आणि गज उभे, कारण आडव्या गजांवर मुलं चढतात. इमारतीचं बाहेरचं रूप बिघडतं म्हणून सोसायटी हरकत घेत असेल, तर जाळी आतून बसवा. न्यूयॉर्क शहराने १९७६ पासून दहा वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या भाड्याच्या घरांत खिडक्यांना असे गज बसवणं घरमालकांना बंधनकारक केलं. आपल्याकडे ते सोसायटीच्या सभेत विषय काढून करून घ्यावं लागेल. आणि पुढे आलेल्या पेटीसारख्या ग्रिलमध्ये मुलाला बसवून गाड्या दाखवणं बंद करा. तळाचा पत्रा गंजलाय की नाही, हे कुंड्यांखाली दिसत नाही.

जिना असेल तर वर आणि खाली दोन्हीकडे अडसर हवा. वरचा भिंतीत स्क्रूने पक्का केलेला. मुलाला पोटावर वळून, पाय आधी टाकत उतरायला शिकवा. मोरीबाहेरचं पाणी लगेच पुसा, गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून सोडू नका, अनवाणी पाय घट्ट धरतात.

एवढं करूनही डोक्यावर पडलंच तर? रडून लगेच शांत झालं, नेहमीसारखं खेळू लागलं, तर टेंगळावर थंड कापड ठेवा. चोळू नका. पुढचे दोन दिवस नीट बघत राहा. झोपू द्यायला हरकत नाही, फक्त हाक मारल्यावर जागं होतंय ना हे पाहा. पण पडल्यावर शुद्ध हरपली, वारंवार उलट्या झाल्या, झटका आला, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखं काही आलं, मूल सारखं पेंगुळलं, टेंगूळ मऊ लागलं, किंवा मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर थांबू नका, दवाखाना गाठा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नका, त्याला गदागदा हलवू नका. रुग्णवाहिकेसाठी क्रमांक १०८. आणि वाटेत आईला तो प्रश्न विचारू नका. किती उंचावरून पडलं आणि कधी, हे तिला नीट आठवू द्या. डॉक्टरांना तेच हवं असतं.

नमस्कार.