उपग्रहाचे इंटरनेट आणि रात्री नऊचा हिशेब

श्रोतेहो, उपग्रहाच्या इंटरनेटची चर्चा निघाली की पहिला प्रश्न वेगाचा येतो आणि विक्रेतेही 100 किंवा 200 मेगाबिटचा आकडा पुढे करतात. तो आकडा खोटा नसतो, पण घरगुती ग्राहकाने त्यावर विसंबून चालत नाही. रात्री नऊ वाजता, गावातली सगळी घरे एकदम जोडलेली असताना, एका घराच्या वाट्याला किती बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती माहिती वाहून नेण्याची क्षमता, उरते, यावरच उपग्रह आणि फायबर यांच्यातली स्पर्धा ठरते.

चार माणसांच्या घरात मुलांचे वर्ग, मालिका आणि क्रिकेट मिळून महिन्याला 300 गिगाबाइट खर्च होतात असे धरू. म्हणजे दिवसाला 10 गिगाबाइट. त्यातला दहावा हिस्सा सर्वाधिक गर्दीच्या तासात गेला, तर त्या तासात 1 गिगाबाइट, म्हणजे 8 गिगाबिट, लागेल आणि सरासरी पडेल सुमारे 2.2 मेगाबिट प्रति सेकंद. एका एचडी व्हिडिओला 5 मेगाबिटच्या आसपास लागतात हे खरे. पण प्रत्येक घर त्याच क्षणी व्हिडिओ पाहत नसते, म्हणून सरासरी खाली येते. आपल्या देशात ब्रॉडबँडची किमान मर्यादा जानेवारी 2023 मध्ये 512 किलोबिटवरून 2 मेगाबिट करण्यात आली. ती मर्यादा एका जोडणीच्या वेगाची आहे, माझा आकडा गर्दीतल्या सरासरी वाट्याचा आहे. दोन्ही जवळ आले म्हणून एक समजू नयेत.

आता फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची तार, पाहा. एकच तंतू अनेक घरांत वाटणाऱ्या प्रचलित जीपॉन पद्धतीत एका तंतूवरून सुमारे 2.5 गिगाबिट येतात आणि ते 64 घरांत वाटले, तरी प्रत्येकाला 39 मेगाबिट मिळतात. गरजेच्या सतरापट! उपग्रहाची गाठ या प्रतिस्पर्ध्याशी आहे.

नोव्हेंबर 2024 मध्ये सोडलेल्या आपल्या जीसॅट-एन2 या उपग्रहाची क्षमता 48 गिगाबिट असून ती 32 झोतांत, म्हणजे जमिनीच्या वेगवेगळ्या भागांवर रोखलेल्या रेडिओ किरणांत, विभागलेली आहे. म्हणजे सरासरीने एका झोताला दीड गिगाबिट. वरच्या हिशेबाने त्यात 680 घरे भागतात, आणि अख्ख्या उपग्रहावर, सगळा देश धरून, बावीस हजारांहून कमी. शिवाय तो भूस्थिर कक्षेत, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसेल अशा 35,786 किलोमीटर उंचीवर असल्यामुळे मागणी वर जाऊन उत्तर खाली येईपर्यंत जवळपास अर्धा सेकंद जातो, आणि व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्याला तो खटकतोच.

स्टारलिंक या अमेरिकी सेवेसारखे उपग्रह सुमारे 550 किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे हा विलंब फायबरच्या जवळपास येतो. हे मोठे यश आहे आणि मी ते मनापासून मानतो. पण या उंचीवरचा उपग्रह आपल्या गोव्याची 105 किलोमीटर लांबी पंधराएक सेकंदांत ओलांडतो आणि त्याच्या फेऱ्यांतला बराच काळ समुद्रावर जातो. वर कितीही उपग्रह असले, तरी एका भूभागावर एकाच वारंवारतेचे झोत मर्यादितच सोडता येतात, नाहीतर ते एकमेकांत मिसळतात. कुळागरात, म्हणजे आपल्या माडा-पोफळींच्या बागेत, पाटाचे पाणी जसे पाळीने वाटले जाते, तशी ही क्षमता वाटली जाते. झाडे वाढली म्हणून पाट रुंद होत नाही.

म्हणून वस्तीची दाटी पाहावी लागते. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या डोंगराळ सत्तरी तालुक्याची लोकसंख्या 63 हजारांच्या वर होती, म्हणजे साधारण 14 हजार घरे. सगळी उपग्रहावर आली तर गर्दीच्या तासात 31 गिगाबिट हवेत, आणि दहातले एकच घर आले तर 3 गिगाबिट. पहिले अशक्यप्राय, दुसरे जमण्यासारखे. मडगावच्या सासष्टी तालुक्यात याच्या चौपटीहून अधिक माणसे सत्तरीपेक्षा लहान क्षेत्रात राहतात. तिथे, जिथे फायबर दारापर्यंत आला आहे तिथे, उपग्रहाने स्पर्धेची भाषा करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

2020 च्या टाळेबंदीत सत्तरी आणि सांगे तालुक्यांतली मुले सिग्नलसाठी डोंगर चढत होती, ते आपण विसरलेलो नाही. तिथल्या वाड्या-वस्त्यांसाठी उपग्रह हा आजचा खरा उपाय आहे. मात्र तिथेच माडा-पोफळींची आणि फणसांची दाटी आहे आणि डिशला तर मोकळे आकाश लागते. पानांआडून संकेत तुटतो. आपल्या गोव्यात वर्षाला शंभर इंचांवर पाऊस पडतो, आणि जोराची सर आली की उपग्रह वापरतात त्या केयू आणि त्याहून अधिक केए या वारंवारता पट्ट्यांतला संकेत क्षीण होतो. डिश शंभर वॅटच्या आसपास वीज घेते, फायबरची पेटी दहाएक वॅटवर चालते. आषाढात वीज गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ पुरेल, याचा हिशेब घरमालकाला आधीच करावा लागेल.

पंचायतीच्या इमारतीपर्यंत फायबरची तार पोहोचली असेल, तर तिथून वाड्यापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर उपग्रहाचे निमित्त पुढे करून टाळले जाऊ नयेत. आणि ज्या वाड्यावर तार नेणे खरोखरच परवडणारे नाही, तिथे जोडणी घेताना विक्रेत्याला कमाल वेग विचारू नका. या भागात एकूण किती जोडण्या देणार आणि रात्री नऊला एका घराला निदान किती मिळेल, हे लेखी मागा.