मारुत आणि सुरंजन दास

नमस्कार, श्रोतेहो.

१९५९ सालचा उन्हाळा. बंगळूरच्या विमानतळावरून एक डाकोटा विमान उडतंय आणि त्याच्या मागे दोराला बांधलेलं आणखी एक विमान आहे. मागच्या विमानाचे पंख तिरके, पाठीमागे झुकलेले. नाक टोकदार. अंगलट लढाऊ जेट विमानाची. पण त्याला इंजिन नाही, आणि ते सबंध लाकडाचं आहे. काही हजार फुटांवर गेल्यावर दोर सुटतो, डाकोटा बाजूला होतं, आणि लाकडी विमानातल्या माणसाजवळ भांडवल उरतं ते फक्त उंचीचं. ते खर्च करत करत त्याला खाली यायचं आहे. उतरायची संधी एकच, कारण चुकलं तर पुन्हा वर न्यायला इंजिनच नाही.

तो माणूस म्हणजे विंग कमांडर सुरंजन दास. त्या लाकडी ग्लायडरची वर्षभरात ७८ उड्डाणं झाली. कशासाठी, तर त्याच आकाराचं, त्याच मापाचं धातूचं विमान बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारखान्यात तयार होत होतं, आणि ते आवाजाच्या वेगापेक्षा जोरात उडायला हवं होतं. मराठीत आपण अशा विमानाला स्वनातीत म्हणतो. त्याचं नाव पुढे ‘मारुत’ ठेवलं गेलं. त्याला पळवण्याआधी ते जमिनीवर कसं टेकतं, कमी वेगात कुठे डगमगतं, हे कळायला हवं होतं. म्हणून भारतातला स्वनातीत वेगाचा शोध एका दोराला बांधलेल्या लाकडी सांगाड्यापासून सुरू झाला. मला या गोष्टीतलं हे चित्र सगळ्यात जास्त आवडतं.

मी ओझरची. नाशिकजवळचं ओझर. माझे वडील तिथल्या मिग या रशियन रचनेच्या लढाऊ विमानांच्या कारखान्यात फिटर होते. मिग-२१ आवाजाच्या दुप्पट वेगानं जायचं, त्यामुळे आम्हा वसाहतीतल्या पोरांना स्वनातीत वेगाचं काही अप्रूप नव्हतं. पुढे एकदा वडिलांबरोबर मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेले. आवारात एक विमान उभं होतं. मी म्हटलं, ‘बाबा, हे मिग नाही.’ बाबा त्याच्या पोटाखाली जाऊन वर बघत राहिले आणि म्हणाले, ‘नाही. मिग आपण जोडलं. हे आपण जन्माला घातलं.’ ते मारुत होतं. त्या दिवसापासून मी या विमानाच्या आणि दासांच्या मागे आहे.

आधी आवाजाच्या वेगाची अडचण काय असते ते सांगते. बाजाराच्या दिवशी गर्दीतून एसटी येते. ड्रायव्हर हॉर्न देतो, हॉर्न बसच्या पुढे धावतो, माणसं आपापल्या पाट्या-टोपल्या उचलून बाजूला होतात. विमानापुढची हवा अशीच वागते. विमान येतंय ही वर्दी तिला आवाजाच्या वेगानं आधीच पोचलेली असते आणि ती वाट देते. आता समजा, एसटी हॉर्नइतक्याच वेगानं आली. वर्दी आणि बस एकदमच पोचणार. कुणालाच सरकायला वेळ नाही, सगळी गर्दी बसच्या तोंडाशी दाटणार. हवा अशी दाटते तेव्हा आघाताची लाट तयार होते, विरोध एकदम वाढतो, पंखांवरून हवा नीट वाहत नाही, आणि वैमानिकाच्या हातातला दांडा जे सांगतो ते शेपटीला कळेनासं होतं. समुद्रसपाटीला हा वेग ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो. वर थंड हवेत तो कमी होतो. अकरा किलोमीटर उंचीवर ताशी १,०६० च्या आसपास.

या दाटीत माणसं मेली आहेत. २७ सप्टेंबर १९४६ ला इंग्लंडमध्ये जेफ्री डी हॅविलंड हा तरुण चाचणी वैमानिक टेम्स नदीच्या मुखावर उडत असताना त्याचं विमान हवेतच फुटलं. विमान त्याच्या वडिलांच्याच कंपनीनं बनवलेलं. पुढच्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९४७ ला, अमेरिकेत चक यीगरनं बेल एक्स-१ या रॉकेट-विमानातून पहिल्यांदा आवाजाचा वेग ओलांडला. सरळ उड्डाणात, १.०६ पट. त्या विमानाच्या शेपटीचा आडवा पंख सबंधच्या सबंध हलवता यायचा, आणि दाटीत तोच उपयोगी पडला. यीगरचं नाव जगभर झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच्यामागे रॉकेट होतं, त्याला पोटाखाली घेऊन वर नेणारं बॉम्बर विमान होतं, आणि भरपूर पैसा होता.

बंगळूरला काय होतं? १९५६ साली जर्मन विमानरचनाकार कुर्ट टांक तिथे आले तेव्हा डिझाइन विभागात पन्नासएक माणसं होती. स्वनातीत वेगाची हवा सोडून विमानाची प्रतिकृती तपासायचा बोगदा नव्हता. बंगळूरच्याच राष्ट्रीय प्रयोगशाळेत तसा मोठा बोगदा सुरू झाला तो १९६७ साली, म्हणजे मारुत हवाई दलात दाखल होत असताना. टांक काही साधे गृहस्थ नव्हते. महायुद्धातलं फोके-वुल्फ १९० हे त्यांचं विमान, आणि युद्धानंतर अर्जेंटिनातही त्यांनी जेट विमान उभं केलं होतं. पण त्यांच्या येण्याआधीपासून तिथे आपला एक माणूस पाय रोवून होता, आणि त्याचं नाव महाराष्ट्रात फारसं घेतलं जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. हवा पृष्ठभागाला कशी चिकटते आणि कशी सुटते, हे ज्यांनी जगाला समजावलं ते हे प्रांटल. १९५१ साली उडालेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान घाटगेंच्या नेतृत्वाखाली तयार झालं. टांक आले तेव्हा बंगळूरची पाटी कोरी नव्हती, ती या माणसामुळे.

वरळीला गेलात तर मारुत बाजूनं बघा. पंख जिथे धडाला जोडलेत तिथे धड कमरेशी आवळल्यासारखं दिसेल. ही शोभा नाही. विमानाचे नाकापासून शेपटीपर्यंत काप घेतले तर प्रत्येक कापाचं एकूण क्षेत्रफळ हळूहळू वाढायला आणि हळूहळू कमी व्हायला हवं. पंख आले की ते एकदम वाढतं, म्हणून तेवढ्या जागी धड बारीक करायचं. आवाजाच्या वेगाजवळचा हवेचा विरोध त्यानं बराच कमी होतो. बाबा त्या कमरेवर हात ठेवून उभे होते.

आता दासांकडे येते. जन्म १९२०. वडील सुधीरंजन दास, भारताचे सरन्यायाधीश. मुलानं हवाई दल धरलं आणि पुढे इंग्लंडच्या एम्पायर टेस्ट पायलट्स स्कूलमध्ये चाचणी वैमानिकाचं शिक्षण घेतलं. चाचणी वैमानिक म्हणजे जिवावर उदार झालेला गडी, अशी आपली एक समजूत असते. मला ती पटत नाही. हा माणूस आधी हिशेबनीस असतो. आज इतक्या वेगापर्यंत, याच उंचीवर, इतकंच वळण. दांडा किती जड लागला, कुठे थरथर आली, थरथर आधी आली की नाक आधी खाली गेलं, हे सगळं लक्षात ठेवून, लिहून, खाली येऊन इंजिनिअरांसमोर मांडायचं. उद्या थोडं पुढे. विमान नवीन असतं तेव्हा त्याच्याविषयीचं कागदावरचं प्रत्येक वाक्य हा अंदाज असतो, आणि त्यातलं कुठलं खोटं आहे हे शोधायला वर एकच जण जातो.

१७ जून १९६१ ला दासांनी मारुतचं पहिलं उड्डाण केलं. आठवड्याभरानं, २४ जूनला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यासमोर ते पुन्हा उडालं. टांक बंगळूरला आल्यापासून पाच वर्षांच्या आत. ज्या देशात तेव्हा मोटारगाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा, त्या देशात.

पण विमानात इंजिन भलतंच होतं.

मारुतची आखणी झाली होती ब्रिटिश ऑर्फियस इंजिनाच्या एका नव्या, जोरदार आवृत्तीवर. तिला मागे आफ्टरबर्नर, म्हणजे निघून चाललेल्या गरम वायूत पुन्हा इंधन पेटवून रेटा वाढवायची सोय. प्रत्येक इंजिनाचा रेटा ८,१७० पौंड, आणि अशी दोन इंजिनं. आवाजाच्या दुप्पट वेगाचं स्वप्न या आकड्यावर उभं होतं. मग ब्रिटिशांना त्या इंजिनाची गरज उरली नाही. पुढचं काम हवं असेल तर खर्च भारतानं द्यावा, असं त्यांनी सांगितलं. भारतानं नकार दिला. हातात राहिलं ते साधं ऑर्फियस ७०३. आफ्टरबर्नर नाही, रेटा ४,८५० पौंड. परकीय चलनाची तेव्हा किती ओढाताण होती हे मला माहीत आहे, तरीही तो नकार चुकला असं मी म्हणेन. विमानाचा सांगाडा पुढची वीस वर्षं आपल्याला पुरला असता.

त्यानंतरची वणवण ऐकण्यासारखी आहे. इजिप्तमध्ये हेलवानला ई-३०० नावाचं इंजिन तयार होत होतं, जर्मन रचनाकार विली मेसरश्मिट यांनी रचलेल्या एचए-३०० या छोट्या लढाऊ विमानासाठी. १९६४ साली त्या इजिप्शियन विमानाचं पहिलं उड्डाण केलं ते भारतीय हवाई दलाच्या कपिल भार्गव यांनी. आपलं एक मारुतही तिकडे गेलं. त्याच्या एका बाजूला ऑर्फियस राहिलं आणि दुसऱ्या बाजूला ई-३०० बसवलं. एक बैल खिल्लारी आणि एक गावठी, अशी ती जोडी. १९६७ साली ते उडालं. जूनमध्ये इजिप्तचं इस्रायलशी युद्ध पेटलं, आणि दोन वर्षांत इजिप्तनं सगळाच प्रकल्प गुंडाळला.

इकडे मिग-२१ आलं होतं. १९६४ साली ओझरला कारखाना उभा राहिला, माझ्या वडिलांना नोकरी लागली, आमचं घर त्यावर चाललं. त्या विमानाविषयी मी वाईट बोलणार नाही. पण आवाजाच्या दुप्पट वेगाचं तयार विमान हातात आल्यावर मारुतच्या इंजिनासाठी कोण किती काळ धडपडणार?

दास धडपडत राहिले. मधल्या काळात, ४ सप्टेंबर १९६४ ला, त्यांनी घाटगेंच्या ‘किरण’ या शिकाऊ जेट विमानाचं पहिलं उड्डाण केलं. पुढे हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी जेटचे धडे त्याच विमानावर गिरवले. मारुतच्या चाचण्या तर चालूच होत्या. सरळ उड्डाणात ते आवाजाच्या वेगाच्या उंबरठ्यापर्यंत जाई, त्यापुढे रेटा संपे. सांगाडा पुढे जायला तयार, इंजिनात दम नाही, आणि त्या उंबरठ्यावर बसलेल्या माणसाला हे पाठीत, हातात, तळपायात जाणवत असणार. वर्षानुवर्षं.

शेवटी बंगळूरच्याच गॅस टर्बाइन प्रयोगशाळेनं ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडायचं काम हाती घेतलं. आपल्या माणसांनी, आपल्या हातानं. त्यासाठी विमानाचा मागचा भाग बदलून रुंद करावा लागला. रेटा वाढला, पण मागच्या रुंद भागानं हवेचा विरोधही वाढवला. म्हणजे पुन्हा तोच हिशेब. किती मिळालं, किती गेलं, हे वर जाऊन बघायचं.

१० जानेवारी १९७० ला ते विमान घेऊन ग्रुप कॅप्टन सुरंजन दास बंगळूरहून उडाले. उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमान कोसळलं. दास गेले. पन्नाशीही पुरी झाली नव्हती. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मभूषण मिळालं. वडील सुधीरंजन त्यानंतर सात वर्षं जगले.

आफ्टरबर्नरचं मारुत कधी दाखल झालं नाही. सगळी मिळून १४७ मारुत तयार झाली. १९७१ च्या युद्धात ती राजस्थानच्या तळांवरून जमिनीलगत उडत गेली. त्या उंचीवर ती वेगवान आणि स्थिर होती. एक इंजिन गेलं तरी दुसऱ्यावर परतायची. स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी ७ डिसेंबरला मारुतमधून पाकिस्तानचं एक सेबर लढाऊ विमान पाडलं. हवेतल्या झटापटीत आपलं एकही मारुत गेलं नाही. वैमानिकांचा या विमानावर विश्वास होता. लाकडी ग्लायडरच्या ७८ उड्डाणांपासून दासांनी त्याची एकेक खोड शोधून सांगितली होती, त्याचा यात वाटा आहे असं मी मानते.

१ ऑगस्ट २००३ ला बंगळूरला तेजस विमानानं आवाजाचा वेग ओलांडला. त्याची तयारी झाली ती त्याच विमानतळावर, जिथे डाकोटानं लाकडी मारुत ओढून वर नेलं होतं. त्या विमानतळाला लागून एक रहदारीचा रस्ता जातो. बंगळूरला राहणाऱ्या मराठी मंडळींना तो नक्की ठाऊक असेल, रोज तिथल्या सिग्नलला थांबतही असतील. पाटीवर लिहिलं आहे, सुरंजन दास रोड.