बेनीची बहीण जेनी

(पडद्यावर: हाताने शिवलेली लहान वही, जुनी शाई)

बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटीत, म्हणजे वंशावळींचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत, ही वही जपलेली आहे. कागद दुमडून, टाके घालून घरीच केलेली. नाव ‘बुक ऑफ एजेस’, म्हणजे वयांची वही. आत कोण कधी जन्मलं आणि कोण कधी गेलं, एवढंच. लिहिणारी जेन मेकम, अमेरिकेचा मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनची सर्वांत धाकटी बहीण. तिचं एकही चित्र उपलब्ध नाही.

वडील जोसाया 1683 मध्ये इंग्लंडहून बॉस्टनला आले. साबण आणि चरबीच्या मेणबत्त्या करायचे. दोन लग्नं, 17 मुलं. बेंजामिनचा जन्म 1706 चा, जेनचा 1712 चा. घरात ते बेनी आणि जेनी.

बेनी सतराव्या वर्षी घरातून पळाला, फिलाडेल्फियाला गेला. जेनीचं पंधराव्या वर्षी लग्न झालं. भावाने लिहिलं: चहाचं टेबल द्यावं असं मनात होतं, पण चांगली गृहिणी होणं जास्त मोलाचं, म्हणून सूत कातायचा चरखा पाठवतोय. एकवीस वर्षांच्या भावाचा हा शहाणपणा!

नवरा एडवर्ड मेकम खोगिरं बनवायचा. देणी कधी फिटली नाहीत. जेनने भाडेकरू ठेवले, पुढे टोप्या शिवून विकल्या. आणि वहीत नोंदी वाढत गेल्या. पहिला मुलगा जोसाया, जन्म जून 1729, मृत्यू मे 1730. एकूण 12 मुलं. त्यांतली 11 तिच्याआधी गेली. दोन मुलगे वेडे झाले. त्यांतला एक मामाच्याच नावाचा, छापखान्याचं काम शिकलेला. असलं काही वहीत शोधू नका. ते पत्रांत सापडतं.

(पडद्यावर: दोघांची हस्ताक्षरं शेजारी)

पण तिची तरुणपणीची पत्रं उरलेली नाहीत, भावाची उरली. त्या वर्षांतली जेन त्याच्या उत्तरांमधूनच ऐकावी लागते. त्या काळी मुलींना वाचायला शिकवत, बायबल वाचता यावं म्हणून. लिहिणं मुलग्यांसाठी. त्यामुळे आपल्या शुद्धलेखनाची तिला आयुष्यभर लाज वाटायची. 1786 मध्ये भावाने तिला कळवलं, आपली वर्णमालाच अशी आहे की जे अशुद्ध म्हणतात तेच बहुधा बरोबर असतं. जगभर पत्रव्यवहार असलेल्या या माणसाने सर्वांत जास्त पत्रं लिहिली ती तिलाच. आत्मचरित्रात मात्र तिच्यासाठी जागा झाली नाही.

1765 मध्ये नवरा गेला. 1775 मध्ये अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा साठी ओलांडलेली जेन बॉस्टन सोडून ऱ्होड आयलंडमधल्या वॉरिकला मैत्रिणीकडे गेली. तिथून भाऊ तिला फिलाडेल्फियाला घेऊन गेला.

म्हातारपणी थोडी उसंत मिळाली. भावाच्या मालकीचं बॉस्टनमधलं युनिटी स्ट्रीटवरचं घर राहायला होतं, हातात पुस्तकं होती. ब्रिटिश धर्मोपदेशक आणि विचारवंत रिचर्ड प्राइसच्या लिखाणातली एक ओळ तिने भावाला पत्रात उतरवून पाठवली: न्यूटनसारखे हजारो लोक, केवळ योग्य परिस्थिती न लाभल्यामुळे, अज्ञानात जगून मरून गेले असतील. सतरा भावंडांत एकालाच ती परिस्थिती लाभली, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तो 1790 मध्ये वारला, ती 1794 मध्ये. मागे उरलेली एकुलती लेक तिच्याच नावाची, जेन. युनिटी स्ट्रीटवरचं घर 1939 मध्ये पाडलं, स्वातंत्र्ययुद्धातला नायक पॉल रिव्हिअरचा पुतळा नीट दिसावा म्हणून.