कलम ५८७ आणि बॅरन फेफे

[दृश्य : रागूझा इब्ला. दगडी जिने, बंद खिडक्या, सान जॉर्जोचा घुमट]
सिसिलीतलं रागूझा इब्ला. दिग्दर्शक पिएत्रो जेर्मी यांच्या 'दिवोर्त्सियो आल्लितालियाना' (म्हणजे 'इटालियन पद्धतीचा घटस्फोट') या १९६१ सालच्या विनोदी चित्रपटातलं काल्पनिक गाव आग्रामोन्ते उभं राहिलं, ते बरंचसं इथेच. खिडकी बंद दिसली, तरी फटीमागे कुणीतरी असणारच.

[दृश्य : दंडसंहितेचं पान, ओळीवरून सरकणारं बोट]
इटलीची १९३० ची दंडसंहिता, कलम ५८७. जोडीदार, मुलगी किंवा बहीण यांचे अनैतिक संबंध उघडकीला आले आणि त्याच क्षणी, अब्रू गेल्याच्या संतापात खून केला, तर शिक्षा ३ ते ७ वर्षं. एरवी खुनाला किमान २१. मुलगा आणि भाऊ यादीत नाहीत, हेही बघून ठेवा. घटस्फोटाची तर कायद्यात सोयच नव्हती.

[दृश्य : फेफेचा क्लोज-अप]
बॅरन फेफे चेफालू, म्हणजे मार्चेल्लो मास्त्रोयान्नी. चापून बसवलेले केस, बारीक मिशी, ओठांच्या कोपऱ्यातून मध्येच निघणारा 'चुक्' आवाज. त्याला नात्यातली कोवळी आंजेला हवी आहे. मध्ये बायको, रोझालिया. डानिएला रोक्का देखणी नटी. तिला इथे जुळलेल्या भुवया आणि ओठांवर लव लावून उभी केली आहे.

[दृश्य : छताची चित्रं, टेपरेकॉर्डर]
कलम लागू व्हायचं तर बायकोला प्रियकर हवा. रोझालियाला नाही. मग फेफेच तो शोधतो. तिच्यावर पूर्वी जीव असलेला चित्रकार कार्मेलो वाड्यातल्या छताची चित्रं दुरुस्त करायला येतो, आणि खोलीत टेपरेकॉर्डर लपवला जातो. खून व्हायचाच आहे, पण फेफेच्या डोक्यात वकिलाचं बचावाचं भाषण केव्हाच सुरू झालंय!

[दृश्य : खचाखच भरलेलं थिएटर]
बेत फसतो तो सिनेमाच्या रात्री. गावात फेलिनीचा गाजलेला, चर्चला न रुचलेला 'ला दोल्चे व्हीता' लागलाय. पाद्रीबाबांनी बजावूनही सगळं गाव थिएटरात. (त्यातला नायकही मास्त्रोयान्नीच.) फेफे गुपचूप घरी येतो, तर दोघं पळालेले. आता पंचाईत कायद्याची. रंगेहाथ सापडले नाहीत, तर 'त्याच क्षणी' कुठून आणायचा? मग निदान अब्रू गेल्याचा संताप तरी खरा वाटावा, म्हणून तो बदनामी पिकू देतो, अंथरूण धरतो. पत्ता मिळून तिथे पोहोचतो, तोवर कार्मेलोची बायको गोळी झाडून मोकळी झालेली असते. रोझालियाला फेफे मारतो.

[दृश्य : कादंबरी, पटकथेची पानं]
मूळ जोव्हान्नी आर्पिनो यांची कादंबरी गंभीर. जेर्मी, एन्निओ दे कोन्चीनी आणि आल्फ्रेदो जान्नेत्ती यांनीही पटकथेची सुरुवात गंभीरपणेच केली होती. पण हे कलम सरळ चेहऱ्याने सांगता येईना. गंमत म्हणजे १९६३ मध्ये तिघांना ऑस्कर मिळालं, ते थेट पडद्यासाठी लिहिलेल्या कथा-पटकथेचं.

[दृश्य : संसद, जुनी चित्रफीत]
घटस्फोटाचा कायदा डिसेंबर १९७० मध्ये आला. कलम ५८७ रद्द झालं ऑगस्ट १९८१ मध्ये.