आधी पंचांचा हात बघा

कोल्हापूर. राजर्षी शाहू स्टेडियम. इथले फुटबॉल संघ तालमींचे: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. पेठापेठांतली ईर्षा घेऊनच ते मैदानात उतरतात. म्हणून शिट्टी वाजली, की निकाल आधी गॅलरीच देऊन मोकळी होते.

आपण मात्र पंचांकडे बघू.

(संथ गतीत) चेंडू केव्हाच पुढे गेलाय. बचावपटूचा पाय उशिरा आला आणि थेट घोट्यावर बसला. 'मुद्दाम नाही मारलं,' तो सांगतोय. पण इथे हेतू विचारला जात नाही. टॅकल, म्हणजे चेंडू हिसकावायला घातलेला पाय, नुसता निष्काळजी असेल, तर फ्री किकवर (समोरच्या संघाला मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यावर) भागतं. समोरच्याला लागेल याची पर्वाच केली नसेल, तर पिवळं कार्ड. जोर इतका, की त्याचा पायच मोडावा, तर लाल.

आता हा हात. डोक्याच्या उंचीवर पाय आला, समोरच्याने मान मागे घेतली, स्पर्श झालाच नाही. धोकादायक खेळ. पंचांचा हात सरळ वर: इनडायरेक्ट फ्री किक. दुसऱ्या कुणाला चेंडू लागेपर्यंत किंवा तो बाहेर जाईपर्यंत हा हात खाली येत नाही. फटका कुणालाही न लागता जाळ्यात गेला, तर गोल नाही. समोरच्या संघाला गोल किक. 'आमचा गोल खाल्ला' म्हणून पंचांवर धावून जाणाऱ्यांनी हा हात पाहिलेलाच नसतो. अशा वादांत सामने थांबलेले या शहरानं पाहिलेत.

(भिंतीचं दृश्य) हात खाली, म्हणजे डायरेक्ट फ्री किक: थेट गोल करता येतो. भिंत, म्हणजे फटका अडवायला उभी राहिलेली बचावपटूंची रांग, चेंडूपासून ९.१५ मीटरवर हवी. पावलापावलानं ती पुढे सरकतेय, पंच पुन्हा मागे ढकलतायत. भिंतीत तिघे किंवा जास्त बचावपटू असले, तर फटका मारणाऱ्या संघाच्या खेळाडूंनी त्यांच्यापासून किमान १ मीटर लांब राहायचं. २०१९ पासूनचा हा नियम. भिंतीतली ढकलाढकली त्यानं बरीच कमी झाली.

आणि हे दृश्य, गॅलरीला सर्वांत जास्त चिडवणारं. फाऊल झाला, शिट्टी नाही. पंचांनी दोन्ही हात पुढे केलेत: खेळू द्या. फाऊल त्यांना दिसलाय. पण ज्याला पाडलं, त्याच्याच संघाकडे चेंडू आहे आणि समोर मोकळं मैदान. काही सेकंदांत फायदा मिळाला नाही, तर फ्री किक मागच्याच जागेवरून मिळते. मिळाला, तरी बेपर्वा टॅकलचं कार्ड चेंडू बाहेर गेल्यावर दाखवता येतं.