पेशी दिसते, पण ती करते काय?

लाली, सूज, उष्णता आणि वेदना. दाहाची ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली. कातडीवरच्या जखमेसाठी ती आजही पुरेशी आहेत. पण दाह फुप्फुसात असेल तर? रक्तातलं सीआरपी हे प्रथिन वाढलं की शरीरात कुठेतरी दाह आहे एवढं कळतं. नेमका कुठे आणि कोणत्या पेशींमुळे, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

१८८२ साली इल्या मेचनिकॉफ यांनी ताऱ्यामाशाच्या अळीत काटा टोचला आणि त्याभोवती गोळा झालेल्या भक्षक पेशी सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. ती अळी पारदर्शक होती. आपलं शरीर तसं नाही, म्हणून आपण पेशींनाच चमकायला लावतो.

सोपा मार्ग म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी घ्यायची आणि तिला प्रतिदीप्त रंग जोडायचा. तुम्ही म्हणाल, मग प्रश्न सुटला! पण निरोगी यकृतातही मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी कायम मुक्कामाला असतात. शिवाय समोर येईल ते गिळणं हा त्यांचा स्वभावच आहे, त्यामुळे चमकणारे नॅनोकण टोचले तर दाह असो वा नसो, यकृत उजळतंच. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं असं, की पेशी काय करते आहे हे सांगेल तोच प्रोब, म्हणजे चमकून खूण देणारा रेणू, खऱ्या कामाचा.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशीचं उदाहरण जरा जवळून पाहू. ही पेशी इलास्टेज नावाचं विकर (एन्झाइम) आपल्या कणिकांमध्ये साठवून ठेवते आणि उत्तेजित झाली की बाहेर सोडते. प्रोबमध्ये एक छोटी पेप्टाइड साखळी असते. तिच्या एका टोकाला चमकणारा रंग असतो, दुसऱ्या टोकाला त्याची ऊर्जा शोषून घेणारा रेणू. दोघांमधलं अंतर काही नॅनोमीटरचं, म्हणून प्रोब अंधारा राहतो. इलास्टेजने साखळी तोडली की दोघं दुरावतात आणि रंग उजळतो. यात एक बारकावा आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. सुट्या इलास्टेजला शरीरातली रोधक प्रथिनं आवर घालतात, पण पेशीच्या पटलाला, म्हणजे बाहेरच्या आवरणाला, चिकटून बसलेलं इलास्टेज त्यांना सहसा दाद देत नाही. त्यामुळे द्रवात विकर सापडलं नाही तरी पेशीच्या अंगावर ते काम करत असू शकतं. म्हणूनच संशोधकांनी प्रोबला मेदाचं शेपूट जोडून तो पटलातच रुतवला आणि सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या कफातल्या पेशींवर ही क्रिया मोजली.

न्यूट्रोफिलमधल्याच मायलोपेरॉक्सिडेज या विकरामुळे तयार होणाऱ्या हायपोक्लोरस आम्लाने उजळणारे प्रोबही आहेत. मात्र हे आम्ल क्षणभंगुर असतं, आणि प्रोबने इतर ऑक्सिडीकारकांना भुलून चालत नाही.

खरी अडचण प्रकाशाची आहे. हिमोग्लोबिन दृश्य प्रकाश शोषतं आणि ऊतीही स्वतःच थोड्या चमकतात. त्यामुळे साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरचा पट्टा निवडावा लागतो. तरीही खोल अवयवांचं बाहेरून स्पष्ट चित्र मिळत नाही. जिथे दुर्बीण पोहोचते किंवा शस्त्रक्रियेची जागा उघडी असते, तिथे मात्र हे तंत्र शोभतं. कॅथेप्सिनसारख्या विकरांनी उजळणाऱ्या पेगुलिसियानिन या प्रोबला २०२४ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी मंजुरी मिळाली. ही विकरं गाठीतल्या मॅक्रोफेजमध्येही असतात. याच औषधावर तीव्र ॲलर्जीचा ठळक इशाराही छापलेला आहे. ज्या प्रतिकारयंत्रणेचं चित्र काढायचं, ती प्रोबमुळेच चवताळणार नाही याची खातरजमा आता रेणूची रचना ठरवतानाच सुरू व्हायला हवी.