गोठ्यावरचा थिरथिरा

नमस्कार श्रोतेहो.

उद्या सकाळी ढोरं सोडायला गेलात की गोठ्याच्या पत्र्याकडे नाहीतर कुंपणाच्या खुंटाकडे जरा बघा. चिमणीएवढं एक पाखरू तिथं बसलेलं असेल. बसल्या बसल्या ते झटकन वाकतं, पुन्हा ताठ होतं, आणि त्याची विटकरी शेपटी थरथर कापते. थंडीनं नव्हे, थंडी तर त्याच्या माहेरची. या कापणाऱ्या शेपटीवरूनच त्याला थिरथिरा म्हणतात.

हा आपल्याकडे हिवाळ्यापुरता येतो. हिमालय, लडाख, तिबेट आणि पलीकडे मध्य आशियातल्या उघड्या, दगडधोंड्यांच्या डोंगरउतारांवर तो घरटं करतो, कपारीत किंवा भिंतीच्या भोकात. आपल्या विदर्भातलं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे चिखलदऱ्याजवळचं वैराट, साधारण १,१७८ मीटर. थिरथिऱ्याची पिलं त्याच्या दुप्पट, तिप्पट उंचीवर जन्मतात. तिकडे बर्फ पडू लागला, किडामुंगी दिसेनाशी झाली, की तो खाली उतरतो. आपल्याकडे कापसाची वेचणी सुरू असते तेव्हा वावरात हजर!

पुष्कळ जण त्याला चीरक समजतात. चीरक शेपटी पाठीवर उभारतो आणि वर्षभर इथंच राहतो. थिरथिऱ्याचं पोट आणि शेपटी तांबूस, शेपटीची मधली दोन पिसं तेवढी गडद. मादी मातकट, पण शेपटी तिचीही तांबूस.

माझ्या गोठ्यावरचा नर रोज पत्र्याच्या एकाच टोकावर बसतो. तिथून शेणखताच्या ढिगावर झेप, मुंगळा किंवा भुंगेरा चोचीत, की परत जागेवर. दुसरा थिरथिरा आला तर हुसकावून लावतो. अधूनमधून ‘विट्, विट्’ करतो. खरं गाणं तो डोंगरात गातो, ते ऐकायची माझी फार इच्छा आहे.

आणखी एक गोष्ट मला दरवर्षी नव्यानं नवल वाटायला लावते. आता नराच्या काळ्या छातीवर राख फासल्यासारखं दिसतं, कारण नव्या पिसांच्या कडा करड्या असतात. हिवाळाभर त्या झिजत जातात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. तुरीचं खळं होईपर्यंत तो काळा कुळकुळीत झालेला असेल. तेव्हा पुन्हा एकदा बघा. एप्रिलपर्यंत तो डोंगराकडे निघालेला असतो.